ज्याचं कुलूप सैल, तोच शत्रू

दोन देशांत काही बिनसलं, सीमेवर गोळीबार झाला, कुठे अतिरेकी हल्ला झाला, की काही तासांतच फोनवर स्क्रीनशॉट यायला लागतात. काळी स्क्रीन, मधोमध झेंडा नाहीतर कवटी, हिरव्या अक्षरांत आम्ही अमुक टीम, तुमची सिस्टीम आमच्या ताब्यात आहे, आणि खाली पाचसहा टोपणनावं. आपल्या बाजूच्या पोरांनी केलेलं असेल तर खाली टाळ्या, झेंडे, "भावांनो मानलं", आणि समोरच्यांनी केलेलं असेल तर शिव्या आणि "आपले हॅकर झोपलेत का" असा सवाल. मला या टाळ्यांबद्दल बोलायचंय. देशाच्या नावावर चालणारं हे हौशी हॅकिंग कुठल्याच देशाच्या कामाचं नाही, त्यात मार भलत्यालाच बसतो, आणि आपल्या बाजूनं केलं म्हणून ते चांगलं ठरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही वर्षांपूर्वी मी कर्णबधिर मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेची वेबसाइट बघायचो. पगारी वगैरे नाही, ओळखीतनं, जमेल तसं. एका राष्ट्रीय सणाच्या दिवशी सकाळीच संस्थेतल्या बाईंचा फोन आला की साइटवर काहीतरी भलतंच दिसतंय आणि गाणं वाजतंय. उघडून बघितलं तर तेच, काळी स्क्रीन, दुसऱ्या देशाचा झेंडा, धमकी. श्रवणयंत्रासाठी पालक जिथे अर्ज भरायचे ते पान गेलेलं, फोटो गेलेले, आणि बॅकअप होता तो चार महिन्यांपूर्वीचा. बाईंनी एवढंच विचारलं, "अहो, पण आपण त्यांचं काय वाकडं केलं होतं?" रात्री सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोण कधी आलं त्याच्या नोंदी, काढून बसलो तेव्हा उत्तर सापडलं आणि ते जास्तच लागलं. एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, आली होती, ओळीनं पन्नाससाठ प्लगइनच्या, म्हणजे साइटला वरून जोडलेल्या सॉफ्टवेअरच्या, पत्त्यांवर टकटक करत गेली होती, त्यातलं फोटो गॅलरीचं एक जुनं प्लगइन आमच्याकडे अपडेट केलेलं नव्हतं, तिथून फाइल आत चढवली आणि चार मिनिटांत खेळ खलास. त्याच सर्व्हरवरच्या आणखी बऱ्याच साइट तशाच गेल्या होत्या. आमच्या संस्थेचं नावसुद्धा कुणी वाचलं नव्हतं, कुलूप सैल होतं म्हणून आम्ही सापडलो, बस.

खोटं कशाला बोलू, त्या रात्री मलाही वाटलं होतं की त्यांच्या देशातली एखादी साइट शोधावी आणि तिची वाट लावावी. शोधायला बसलो असतो तर मिळाली पण असती, आणि ती बहुतेक तिकडच्या अशाच कुठल्यातरी शाळेची असती. या सगळ्या प्रकाराची गोम तिथेच आहे असं मला वाटतं. लष्कराचं नेटवर्क किंवा क्षेपणास्त्राचं कंट्रोल हे काही चार पोरांना रागाच्या भरात एका रात्रीत फुटत नाही, त्याला महिनोन् महिने लागतात, पैसा लागतो, आतली माहिती लागते, आणि जे ते खरंच करतात ते स्क्रीनशॉट टाकत नाहीत. हौशी माणसाच्या हाताला लागतं ते नगरपालिकेचं पान, कॉलेजचा निकाल, छोटी बँक, दवाखान्याची अपॉइंटमेंट. म्हणजे शत्रू कोण हे भांडणावरून ठरतच नाही, पासवर्ड कुणाचा कच्चा आहे त्यावरून ठरतं.

हा प्रकार नवीन नाही. १ एप्रिल २००१ ला चीनच्या हैनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाली, चिनी वैमानिक गेला, आणि मग दोन्हीकडच्या पोरांनी एकमेकांच्या साइट खराब करायचा सपाटा लावला, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर ठरवून. व्हाइट हाउसची साइट काही तास बंद पडली. त्या विमानाचा प्रश्न शेवटी सुटला तो दोन सरकारांच्या बोलण्यातनं, हॅकिंगनं त्यात काडीचा फरक पडला नाही. भारत आणि पाकिस्तान यांच्यात तर २६ जानेवारी, १४ ऑगस्ट, १५ ऑगस्ट जवळ आला की हे ठरलेलंच. डिसेंबर २०१० मध्ये सीबीआयची साइट फोडली गेली, फोडणाऱ्यांचं म्हणणं की भारतीय हॅकरनी आधी पाकिस्तानी साइट फोडल्या त्याचा हा बदला. आणि त्या भारतीय हॅकरना विचारलं असतं तर त्यांनी आणखी मागचा कुठलातरी हल्ला दाखवला असता. सुरुवात कुणी केली हे शोधत मागे जायला लागलं तर ते कधी संपतच नाही.

एस्टोनियाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे पहिल्यांदा एका अख्ख्या देशाला हे सोसावं लागलं. साधारण तेरा लाख वस्तीचा देश, बँकेपासून सरकारी कागदापर्यंत सगळं ऑनलाइन. एप्रिल २००७ मध्ये टॅलिन शहराच्या मध्यातला सोव्हिएत सैनिकाचा ब्राँझचा पुतळा सरकारनं हलवून लष्करी दफनभूमीत नेला. रशियन भाषक लोकांना तो नाझींवरच्या विजयाचा पुतळा वाटायचा, एस्टोनियन लोकांना पारतंत्र्याचा. रस्त्यावर दंगल झाली, एक माणूस मेला, आणि त्याचबरोबर सरकारी साइट, वर्तमानपत्रं, मोठ्या बँका यांच्यावर डीडॉस हल्ले सुरू झाले. डीडॉस म्हणजे काय, तर एका खिडकीवर अचानक लाखभर खोटी गिऱ्हाइकं उभी करायची, म्हणजे खऱ्याचा नंबरच लागत नाही. हे जवळपास तीन आठवडे चाललं. रशियन फोरमवर कुठली कमांड टाकायची, कुठल्या पत्त्यावर टाकायची याच्या तयार सूचना फिरत होत्या, ज्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही तोही कॉपी-पेस्ट करून "लढत" होता.

आणि शेवटी पकडलं कोण गेलं? विशीतला एक विद्यार्थी, तोही रशियातला नाही, एस्टोनियातलाच. एका राजकीय पक्षाच्या साइटवर हल्ला केला म्हणून त्याला १७,५०० क्रून (तिथलं तेव्हाचं चलन) दंड झाला. रशियानं तपासाला मदत करायला नकार दिला. दोन वर्षांनी रशियातल्या सत्ताधाऱ्यांच्या बाजूच्या एका युवक संघटनेच्या कार्यकर्त्यानं सांगितलं की होय, हे आम्ही केलं. मग सरकारनं सांगितलं होतं का? मूकसंमती होती का? की खरंच पोरांनीच आपल्या मनानं केलं? आजपर्यंत छातीठोक उत्तर कुणाकडे नाही, आणि सरकारांना हेच हवं असतं. हल्ला झाला, दुखलं, पण जबाबदारी कुणाचीच नाही. पुढच्याच वर्षी ऑगस्ट २००८ मध्ये रशिया-जॉर्जिया युद्धात तेच झालं, इकडे रणगाडे आणि तिकडे एका साइटवर टार्गेटची यादी आणि सोबत हल्ल्याचं सॉफ्टवेअर, या आणि डाउनलोड करा. जॉर्जियाच्या परराष्ट्र खात्याला आपली निवेदनं गूगलच्या फुकट ब्लॉगवर टाकायची वेळ आली.

देशभक्त हॅकर म्हणून मिरवणाऱ्यांना माझं म्हणणं आहे की तुमचा झेंडा हा सरकारांसाठी फार सोयीचा मुखवटा आहे. एप्रिल २०१५ मध्ये फ्रान्सच्या टीव्ही५मोंद वाहिनीची सगळी प्रक्षेपणं बंद पाडली गेली, वाहिनीच्या सोशल मीडियाच्या पानांवर "सायबर खिलाफत" असं नाव, सगळ्यांना वाटलं दहशतवादी आहेत, तपासात माग निघाला रशियन लष्करी हेरखात्याशी जोडलेल्या गटाकडे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात ॲलिक्विपा नावाच्या छोट्या गावाच्या पाणीपुरवठ्यातलं एक कंट्रोलर, म्हणजे पंप चालू-बंद करणारं यंत्र, हॅक झालं, कारण काय तर ते यंत्र इस्रायली कंपनीचं होतं, आणि स्क्रीनवर संदेश की इस्रायलमध्ये बनलेलं प्रत्येक यंत्र आमचं टार्गेट आहे. नाव घेतलं होतं "सायबर ॲव्हेंजर्स", म्हणजे सूड घेणारे स्वयंसेवक वगैरे. अमेरिकेनं सांगितलं की हे इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्ड्स या लष्करी दलाशी संबंधित लोक आहेत आणि पुढे सहा अधिकाऱ्यांवर निर्बंधही घातले. म्हणजे स्वयंसेवक म्हणवणारे सरकारी निघतात, आणि सरकारी वाटणारे कधीकधी खरंच विशीतली पोरं निघतात, बाहेरच्याला फरक कळायचा काही मार्ग नाही. समोरचा देश चिडून उत्तर द्यायला निघाला तर तो कुणाला मारणार?

त्या कंट्रोलरमध्ये आत कसे शिरले तेही ऐका. या यंत्रांचा कंपनीतनं आलेला पासवर्ड ११११ होता आणि जगभर कित्येक ठिकाणी तो कुणी बदललेलाच नव्हता. वर यंत्र थेट इंटरनेटला जोडलेलं. याला काही सायबर युद्धातलं कौशल्य म्हणत नाहीत, हे उघड्या दारातनं आत जाणं झालं. ॲलिक्विपातल्या कर्मचाऱ्यांनी यंत्र बंद करून हातानं पंप चालवले म्हणून तिथे पाणी थांबलं नाही. पण त्याच लाटेत आयर्लंडच्या मेयो परगण्यात, एरिस नावाच्या टोकाच्या ग्रामीण भागात, तसल्याच इस्रायली यंत्रावर चालणारा पंप बंद पडला आणि सुमारे १८० घरांना दोन दिवस पाणी नव्हतं. ऐन हिवाळ्यात. त्यांचा गाझाशी काय संबंध, इस्रायलशी काय संबंध? उलट आयर्लंड म्हणजे युरोपात पॅलेस्टाइनच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्या देशांपैकी एक. ज्यांच्यासाठी लढतोय म्हणता त्यांना सहानुभूती असलेल्या लोकांच्याच घरचं पाणी तोडलंत. मला ही बातमी वाचताना त्या बाईंचा प्रश्न आठवला होता, तिकडेही कुणीतरी कोरड्या नळासमोर उभं राहून तेच विचारलं असणार.

बरं, आपल्या हातातनं सुटलेली गोष्ट आपल्यावर उलटत नाही असंही नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधनं सोडला गेला. हे हौशी लोकांचं काम नव्हतं, अमेरिकेनं पुढे रशियन लष्करी हेरखात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर खटला भरला. पण मुद्दा हा की एवढ्या तरबेज लोकांनासुद्धा तो युक्रेनच्या हद्दीत ठेवता आला नाही. मर्स्क या जहाज कंपनीची बंदरं ठप्प झाली, औषध कंपन्या अडकल्या, आणि रशियाची स्वतःची तेल कंपनी रोसनेफ्टसुद्धा त्यात सापडली. व्हाइट हाउसचा अंदाज १० अब्ज डॉलरच्या नुकसानाचा होता. ज्यांचं हेच काम आहे त्यांना जमलं नाही ते टेलिग्रामवर तयार टूल घेऊन बसलेल्या पोराला जमेल?

कॉन्टीचं उदाहरण तर अगदी वेगळं. ही खंडणीखोरांची टोळी, लोकांच्या फाइल लॉक करून पैसे उकळणारी. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं आणि दुसऱ्याच दिवशी टोळीनं जाहीर केलं की आमचा रशियन सरकारला पूर्ण पाठिंबा, रशियावर कुणी सायबर हल्ला केला तर बघून घेऊ. दोन दिवसांत त्यांच्या आतल्या गप्पा इंटरनेटवर उघड्यावर आल्या, साठ हजारांच्या वर मेसेज, कोण किती पगार घेतं, कुणाला कसं लुटलं, सगळं. बाहेर काढणारा युक्रेनच्या बाजूचा होता. काही महिन्यांत ते नाव संपलं. चोरांच्या धंद्यात वर्षानुवर्षं सुखानं चाललेली भागीदारी राष्ट्रवादाच्या एका पोस्टनं मोडली हे ठीकच झालं, त्याचं मला वाईट नाही, पण झेंडा वर केला की आपल्यातलाच कोण दुसऱ्या बाजूचा आहे हे आपल्याला माहीत नसतं एवढं त्यातनं दिसतं.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, आणि तो टाळून मला पुढे जाता येणार नाही. युक्रेननं काय करायचं होतं? रणगाडे शहरांकडे येतायत, आणि २६ फेब्रुवारी २०२२ ला त्यांचे डिजिटल खात्याचे मंत्री मिखाइलो फेदोरोव यांनी उघड आवाहन केलं की ज्यांना कॉम्प्युटर येतो त्यांनी या, "आयटी आर्मी"त सामील व्हा. टेलिग्राम चॅनेलवर बघता बघता तीन लाखांच्या आसपास माणसं जमली, जगभरातली, आणि रशियन बँका, कंपन्या, सरकारी साइट यांच्या याद्या सुटल्या. ज्याच्या घरावर क्षेपणास्त्र पडतंय त्याला मी लांबनं बसून संयमाचे धडे देणार नाही, त्यांचा राग मला समजतो, आणि आक्रमण कुणी केलं याबद्दल माझ्या मनात कसलाही संभ्रम नाही. पण तरीसुद्धा मला ते चुकीचंच वाटतं, कारण एका सरकारनं साध्या नागरिकांना, त्यातही परदेशी नागरिकांना, हल्ला करायला सांगितलं आणि त्यांना ना गणवेश दिला, ना कायद्याचं संरक्षण, ना कुठे थांबायचं याची शिस्त. कॅनडातल्या किंवा पोलंडमधल्या कॉलेजच्या पोरानं रशियन बँकेवर हल्ला केला तर तो त्याच्या देशाच्या कायद्यानं गुन्हेगार, आणि युद्धाच्या नियमांत बघायला गेलं तर लढाईत थेट भाग घेणारा नागरिक आपलं नागरिक म्हणून मिळणारं संरक्षण गमावू शकतो. हे त्या तीन लाखांतल्या किती जणांना कुणी समजावून सांगितलं होतं? आणि एकदा पीडित देशानं ही वाट पाडली की उद्या आक्रमण करणारा देशही तीच वाट वापरून म्हणणार की त्यांनी पण केलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या तज्ज्ञांनी अशा नागरी हॅकरसाठी आठ नियम मांडले. साधेच आहेत, नागरी गोष्टींवर हल्ला करू नका, आपोआप पसरणारे व्हायरस वापरू नका, दवाखाने आणि मदत संस्था यांना हात लावू नका, आणि शेवटचा म्हणजे समोरचा पाळत नसला तरी तुम्ही पाळा. आधी नाकं मुरडली गेली, मग रशियाच्या बाजूचा किलनेट हा हॅकर गट आणि युक्रेनची आयटी आर्मी दोघांनीही पाळायचा प्रयत्न करू असं म्हटलं. त्याच किलनेटनं जानेवारीत अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या साइट बंद पाडल्या होत्या, आणि नियम मान्य केल्याला आठवडाही झाला नव्हता तेव्हा ७ ऑक्टोबरला हमासनं इस्रायलवर हल्ला केला आणि लगेच इस्रायली सरकारची साइट पाडल्याचा दावा त्यांच्या नावानं आला. मी त्या नियमांना निरुपयोगी म्हणणार नाही, निदान चुकीला चूक म्हणायला काहीतरी लिहिलेलं आहे. पण आठ नियम खरोखर पाळायचे ठरवले तर हौशी हॅकरच्या हातात हल्ला करण्यासारखं उरतंच काय? जवळजवळ काही नाही.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात आणखी एक गोष्ट ठळक दिसली. महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर विभागानं नंतर सांगितलं की १५ लाखांहून जास्त हल्ल्यांचे प्रयत्न झाले आणि त्यातले यशस्वी झाले ते फक्त १५०. दुसरीकडे त्याच दिवसांत पोस्ट फिरत होती की पाकिस्तानच्या सायबर हल्ल्यानं भारतातली ७० टक्के वीज यंत्रणा बंद पडली, आणि ती खोटी आहे हे पीआयबीला, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रसिद्धी खात्याला, जाहीर करावं लागलं. लोक दिव्याच्या उजेडात बसून दिवे गेल्याची पोस्ट पुढे पाठवत होते. या खेळात हल्ल्यापेक्षा दावा जास्त लांब जातो, आणि तो लांब नेणारे आपणच असतो. २३ एप्रिल २०१३ ला सीरियन सरकारच्या बाजूच्या हॅकरनी असोसिएटेड प्रेसचं ट्विटर खातं मिळवून व्हाइट हाउसमध्ये स्फोट, ओबामा जखमी, एवढी एक ओळ टाकली तर अमेरिकन शेअर बाजार काही मिनिटं कोसळला होता. तिथे कुठली सिस्टीम पाडावी लागली नाही, लोकांनी विश्वास ठेवला तेवढं पुरलं. म्हणून आपल्या बाजूच्या टीमनं "शत्रूचा सगळा डेटा काढला" असं टाकलं की मी आता आधी विचारतो, डेटा कुठला, कधीचा? बऱ्याचदा ती जुनीच फुटलेली यादी असते, नवं नाव लावून आणलेली, आणि त्यात असतात सामान्य माणसांचे फोन नंबर आणि पत्ते.

सरकारांनी काय करावं याबद्दल माझं मत असं की दुसऱ्या देशाच्या नागरी यंत्रणेवर हल्ला करणाऱ्याला आपल्याकडे गुन्हेगारच मानायला हवं, तो देश मित्र असो की शत्रू, आणि ते फक्त कायद्याच्या पुस्तकात नको, खटला भरायला हवा. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, इतर देशांतही असे कायदे आहेत, पण टार्गेट शत्रूदेशातलं असलं की पोलीसही हसून सोडून देतात, निदान पोरांचा समज तरी तसाच आहे. तो समज जोपर्यंत आहे तोपर्यंत मूकसंमतीचा आरोप कुठल्याच सरकारला झटकता येणार नाही.

आणि या पोरांच्या हातातलं कसब वाया जाऊ नये याचीही सोय हवी, कारण कसब खरं आहे, रात्र रात्र जागायची तयारी खरी आहे, आणि देशासाठी काहीतरी करावं ही भावनाही खरी आहे, तिची चेष्टा मला कधीच करवणार नाही. एस्टोनियानं २००७ चा मार खाल्ल्यावर काय केलं, तर आपल्या स्वयंसेवी संरक्षण दलात सायबर तुकडी उभी केली, बँकांतले, कंपन्यांतले तज्ज्ञ आपला मोकळा वेळ देऊन तिथे सराव करतात, आणि त्यांचं काम आपली यंत्रणा वाचवण्याचं. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं २०१६ मध्ये बाहेरच्या हॅकरना आपल्या साइट तपासायला बोलावलं, चौदाशेच्या वर लोकांनी नाव नोंदवलं आणि १३८ खऱ्या त्रुटी सापडल्या. नेदरलँड्समध्ये तर सरकारी सिस्टीममधली फट शोधून नीट कळवलीत की सरकार तुम्हाला टी-शर्ट पाठवतं, त्यावर छापलेलं असतं की मी डच सरकार हॅक केलं आणि मला मिळाला तो हा फालतू टी-शर्ट. पोरं तो अभिमानानं घालून फिरतात, फोटो टाकतात.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाला मागे एका सार्वजनिक पोर्टलमध्ये अशीच फट सापडली होती, लॉगिन न करता दुसऱ्यांची कागदपत्रं दिसत होती. त्यानं मला विचारलं की कळवू का. मी म्हटलं कळव. तर तो म्हणाला, "काका, कळवलं आणि माझ्यावरच केस टाकली तर?" मी त्याला खात्री देऊ शकलो नाही. आम्ही दोघांनी बसून मेल लिहिला, त्याचं नाव न घालता माझ्या पत्त्यावरनं पाठवला, दोनदा आठवण केली, उत्तर आलं नाही, साधारण महिन्याभरानं ती फट गुपचूप बुजवलेली दिसली. तेच त्यानं टेलिग्रामवर कुठल्यातरी ग्रुपात टाकलं असतं तर पाच मिनिटांत शंभर जणांनी पाठ थोपटली असती.